अठ्ठ्याण्णव ग्रॅमचा साबण

ता. ५ ऑगस्ट

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

बाबा तुमच्याकडे सुखरूप पोचल्याचा दोन ओळींचा निरोप मिळाला. फोनकडे चार वेळा हात गेला, पण फोनवर मी आधी रडेन आणि मग वाद घालीन. कागदावर निदान ओळ खोडता येते. बाबांनी तुम्हांला बहुधा लेकीची आठवण आली एवढंच सांगितलं असेल. म्हणून खरं काय घडलं ते मीच लिहिते. त्याच दिवशी माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं, तसंच.

चिमणीला टायफॉईड होऊन गेला हे तुम्हांला माहीत आहे. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले की हा आजार अस्वच्छ पाण्यातून आणि हातांतून पसरतो, घरात सगळ्यांनी हात नीट धुवा. झालं! मी दिवसभर प्रयोगशाळेत गावच्या नळांचं नि विहिरींचं पाणी तपासणारी बाई, मला तेवढं निमित्त पुरलं. बेसिनवर तीन साबण मांडले. आम्हा दोघांचा पांढरा, चिमणीचा गुलाबी, बाबांचा निळा. आणि ताई, सांगायला लाज वाटते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी निळ्या साबणाचं वजन केलं. अठ्ठ्याण्णव ग्रॅम. पांढऱ्याचं का केलं नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता रोज पडतो.

अकरा दिवसांनी निळा साबण सत्त्याण्णव भरला. एक ग्रॅम तर नुसता वाळूनही कमी होतो. त्याच दुपारी शेजारचे मास्तर स्कूटर घेऊन आले होते. गॅरेज सोडून सहा वर्षं झाली तरी आळीतली प्रत्येक खोकणारी गाडी बाबांकडेच येते. अंगणात तिचं पोट उघडून बाबांनी काम उरकलं, मास्तरांना घेऊन मागच्या दाराने आत आले, चिमणीच्या खाटेवर बसले आणि तिच्यासाठी संत्रं सोलायला घेतलं. नखांच्या कडा काळ्या, तळहाताच्या रेषा काळ्या. मी साबण आणून त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांच्या देखत म्हटलं की हा अकरा दिवसांत एक ग्रॅम झिजलाय, म्हणजे तुम्ही हात धूतच नाही, आणि आपली पोर मरता मरता वाचलीय.

अर्धं सोललेलं संत्रं बाबांनी बशीत ठेवलं. मास्तर चपला शोधू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पिशवी घेऊन निघाले.

तुमचे बंधुराज म्हणतात, मुद्दा बरोबर होता, पण मास्तर कशाला हवे होते? मला वाटतं, मास्तर होते म्हणूनच मी तेव्हा बोलले. माझी बाजू बरोबर आहे याला मला साक्षीदार हवा होता. हे लिहिताना स्वतःचीच भीती वाटते.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या इथेच राहिल्या, सोबत पाठवते आहे. चिमणी विचारते की आजोबा कधी येणार.

माझ्यावर रागवा, पण लोभ आटू देऊ नका.

तुमची,
वहिनी

ता. ९ ऑगस्ट

चि. सौ. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

मापं घेणं हा माझा धंदा. पंचवीस वर्षं लोकांच्या कंबरा मोजतेय, पण सासऱ्याचा साबण मोजणारी सून मी पहिल्यांदाच पाहिली. शिंपिणीला लाजवलंस बाई! आता हसून झालं, म्हणून सांगते. त्या माणसाला चारचौघांत असं बोलायला नको होतं. मी तिथे असते तर तुझा कान धरला असता. मग तुझ्याच बाजूने बाबांशी भांडले असते, कारण चिमणीचं ते वाळलेलं तोंड मीही पाहिलंय.

बाबा ठीक आहेत. आल्या आल्या माझं शिलाई मशीन उघडून तेलपाणी केलं. ते आता असं पळतं की मलाच त्याच्यामागे धावावं लागतं. मग मजल्यावरच्या शेजारणींनी आपापली मशीनं आणली. दिवसभर दारात तेलाची डबी आणि स्क्रूड्रायव्हर.

पण एक गोष्ट मला समजत नाही. जेवायला बसा म्हटलं की हे चार मजले उतरून खाली जातात. लिफ्ट महिनाभर बंद आहे. गुडघे कुरकुरतात, तरी जातात. वीस मिनिटांनी धापा टाकत वर येतात. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, ताटातला भात गार. विचारलं की म्हणतात, पाय मोकळे करून आलो. माझा संशय असा की खाली वॉचमनच्या खोलीजवळ पाण्याचा पंप आहे, त्यावर त्यांचा जीव जडलाय. जाताना बिस्किटांचा एक जुना डबा बरोबर नेतात. त्यात काय, तर माझ्याकडून मागून घेतलेले साबणाचे झिजके तुकडे आणि तळमजल्यावरच्या सुताराकडचा भुसा! काय उद्योग चाललाय देव जाणे. माझ्या पांढऱ्याशुभ्र बेसिनला मात्र शिवत नाहीत. म्हणे, यात फक्त चूळ भरावी.

घरी जा असं सुचवलं की ते चिमणीचा ताप विचारतात आणि विषय बदलतात. रागावलेला माणूस सुनेबद्दल चार शब्द तरी वाईट बोलतो. हे बोलत नाहीत. दुपारी खिडकीतल्या उजेडात दोन्ही तळवे धरून बघत बसतात. मला हे लक्षण बरं दिसत नाही. तूच काहीतरी कर.

वजन न करता जेवढी माया पाठवता येते तेवढी पाठवली आहे.

तुझी,
ताई

ता. १३ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ताईंचं पत्र आलं. त्यात त्यांनी तुमची तक्रार केली आहे की तुम्ही जेवणाआधी डबा घेऊन चार मजले उतरता. त्या ओळी मी दोनदा वाचल्या आणि मागच्या अंगणात गेले. नळाच्या मागे, भिंतीतल्या कोनाड्यात, रंगाचा एक डबा सापडला. आत लाकडाचा भुसा आणि साबणाचे तुकडे. पांढरे होते, गुलाबीही होते. साबणाचे शेवटचे तुकडे कुठे जातात म्हणून मी चिमणीला दोनदा रागावले होते. डब्याशेजारी दात घासायचा जुना ब्रश होता, केस झिजून आडवे झालेला.

भिंतीपलीकडून मास्तरीणबाईंना विचारलं. त्या सहज म्हणाल्या की तुमचे सासरे रोज जेवणाआधी दहा-दहा मिनिटं हात घासतात, नखांना ब्रश लावतात, त्यांचं बघून आमच्या ह्यांनाही मी बोलत असते. त्या दिवशी स्कूटर झाल्यावरही तुम्ही तिथेच हात धुतले होते. मास्तर समोर उभे होते. माझ्या आवाजापुढे त्यांना ते सांगायचं धाडस झालं नाही.

पण तुम्ही बेसिनवर का धूत नव्हता, ते मला माझ्याच वहीत सापडलं. गेल्या वर्षीचं पान आहे. त्यावर लिहिलंय: नवं बेसिन बसवलं. बाबांच्या हातांनी काळी कड धरली, अर्धा तास घासावी लागली. त्यांना थोडं बोलले. ते हसले आणि बरं म्हणाले. बाबा, त्या ‘बरं’मध्ये काय काय होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. तुम्ही माझं बेसिन पांढरं ठेवण्यासाठी उन्हापावसात अंगणात हात धूत राहिलात, आणि मी आत साबण मोजत बसले.

आणखी एक सांगायचं आहे, ते सांगितलं नाही तर ही माफी अर्धी राहील. चिमणीची शाळेची बाटली मीच धुते, रोज, गरम पाण्याने. काल पहिल्यांदा तिच्या झाकणातली रबरी कडी काढून पाहिली. आत काळा बुळबुळीत थर होता. टायफॉईड तिथूनच आला असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात की तो कुठून आला हे आता सांगता येणार नाही. पण दुसऱ्याचा साबण काट्यावर ठेवणाऱ्या बाईला आपल्या हातातली बाटली उघडून बघायला एवढे दिवस लागले.

मी चुकले. मास्तरांना घरी बोलावून त्यांच्यासमोरही तसं सांगितलं आहे. तुम्ही परत या. पूर्वीसारखा हक्काने राग करा, पण घरात करा.

तुमची,
सून

ता. १७ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

मला लांब लिहिता येत नाही. गॅरेजात बिलाच्या मागे जेवढं मावे तेवढंच लिहायची सवय.

साबणाचा राग नाही. माझ्या नावाचा वेगळा साबण आयुष्यात पहिल्यांदा कुणी आणला. पण त्याला वासच फार, तेल काही निघत नाही; तेल काढायला भुसाच हवा. म्हणून तो तसाच ठेवला. बेसिनचंही मनात नाही. पांढऱ्या वस्तूची चाड ठेवावी.

मी रागावून आलो असं तुम्ही सगळे धरून बसला आहात. राग आला असता तर तिथेच भांडलो असतो आणि मास्तरांची स्कूटर परत उघडून ठेवली असती. तू बोललीस तेव्हा मी हातांकडे बघितलं. चाळीस वर्षं इंजिनं उघडली आहेत. कितीही घासलं तरी रेषांतलं काळं निघत नाही. मनात आलं की पोरीच्या पोटात हेच गेलं असेल तर? म्हणून पिशवी भरली आणि लांब आलो. ती पूर्ण बरी होईपर्यंत लांबच बरा, असं ठरवलं.

आता तू म्हणतेस या. पण तू आता मऊ झालीयेस, तुझ्या शब्दावर मी येणार नाही. मला प्रयोगशाळेचा शब्द हवा. पाणी तपासतेस तसे माझे हात तपास. शनिवारी सकाळी थेट तुझ्या प्रयोगशाळेत येतो. उत्तर मिळेपर्यंत घरात पाऊल ठेवणार नाही, मास्तरांकडे राहीन. हात वाईट निघाले तर ताईकडे परत. मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नकोस. तुला खोटं जमत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर तुला विचारतोय.

चिमणीला पापा. लांबूनच.

तुझा,
बाबा

ता. २७ ऑगस्ट

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत की काय निघालं, आणि तिन्ही वेळा बाबांनी फोन हिसकावून घेतला. आता सविस्तर लिहिते.

शनिवारी आमची प्रयोगशाळा उघडायच्या आधीच बाबा पायरीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, मांडीवर डबा. साहेबांची परवानगी मी आधीच काढून ठेवली होती. ते म्हणाले की एकट्याचे हात तपासून काय कळणार, चौघांचे तपासा. म्हणून आम्ही दोघं आणि चिमणीही आलो. प्रत्येकाने नेहमीसारखे हात धुवायचे, मग ते जंतू नसलेल्या पाण्यात खळबळायचे, आणि ते पाणी काचेच्या बशीत घालून उबेत ठेवायचं. जिथे जंतू असेल तिथे ठिपका उगवतो. बाबांनी भुशाने दहा मिनिटं हात घासले. मी एका मिनिटात मोकळी झाले. मला काय, रोजची सवय!

दोन दिवस बाबा मास्तरांकडे राहिले. भिंतीच्या अलीकडून चिमणी आणि पलीकडून ते, असा कारभार चालला होता. मास्तरीणबाईंनी मला हळूच सांगितलं की ते जेवत नाहीत, नुसतं चिवडतात. दुसऱ्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांच्या बशीत ठिपकेच ठिपके निघाले तर मी काय करीन? खरं सांगितलं तर ते जातील. खोटं मला सांगता येत नाही, आणि तेही आता त्यांच्या भरवशाचं कलम होऊन बसलं होतं. मी वहीत लिहिलं की मला पहिल्यांदाच एखादी मोजणी चुकावी असं वाटतंय. मग ती ओळ खोडली. मग पुन्हा लिहिली.

सोमवारी बशा काढल्या. बाबांनी चष्मा पुसला आणि स्वतः मोजायला घेतलं. त्यांच्या बशीत चार ठिपके. चिमणीच्या बशीत अकरा. तुमच्या बंधुराजांचे मोजताना बाबाच थकले. आणि माझ्या बशीत एकोणीस! साहेब तोंड फिरवून हसले. एकदाच केलेली मोजणी म्हणजे शास्त्र नव्हे, असं मी म्हणून पाहिलं, पण कुणी ऐकलं नाही. डॉक्टरांनी घरातल्या आम्हां तिघा मोठ्यांची टायफॉईडची तपासणीही करून घेतली होती. तिचा कागद त्याच दिवशी आला, तिघेही निर्दोष. बाबांनी तो कागद दोनदा वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला, आणि बराच वेळ खिशावर हात ठेवून उभे राहिले. मग मला म्हणाले की चल, भूक लागलीय.

वाटेत त्यांनी माझी झडती घेतली. तू धुतेस कशी ते दाखव म्हणाले. मी रस्त्यात उभी राहून हवेत दाखवलं. त्यांनी लगेच पकडलं की मी अंगठे धूतच नाही. तळवे, बोटं, मनगट सगळं होतं, अंगठे तेवढे नुसते उभे राहून बघत असतात. गॅरेजात आधी अंगठे घासायचे, कारण पाना त्यांनीच धरलेला असतो, असा त्यांचा नियम आहे. वीस वर्षं प्रयोगशाळेत काढून हे मला रस्त्यात कळलं.

घरी आल्यावर ते सवयीने मागच्या नळाकडे वळले. मी म्हटलं, आजपासून बेसिनवर. ते म्हणाले, बेसिन खराब होईल. मी म्हटलं, होऊ दे. यावर आमचं अर्धा तास भांडण झालं, आणि ताई, ते ऐकायला इतकं बरं वाटलं! शेवटी असं ठरलं की तेलाचे हात अंगणात, साधे हात बेसिनवर, आणि ब्रश मी नवा आणायचा. निळा साबण त्यांनी चिमणीला दिला. तिला त्याचा वास आवडतो.

जेवण झाल्यावर त्यांनी खाटेवर बसून संत्रं घेतलं. या वेळी पूर्ण सोललं. शिरा काढल्या, बिया काढल्या, एकेक फोड चिमणीच्या तोंडात घातली. त्या बोटांच्या रेषा अजून तेवढ्याच काळ्या आहेत. मी दाराशी उभी राहून बघत होते. मग मीही जवळ गेले आणि हात पुढे केला.

मला फोड मिळाली नाही. आधी अंगठे, म्हणाले.

तुम्ही लवकर या. येताना हात धुऊनच या, इथे आता मोजणी कडक आहे. लोभ असाच राहू दे, त्याला काटा लावणार नाही.

तुमची,
मोजपट्टी