पळालेला नावाडी

प्रिय धाकट्या,

पत्र हातात पडलं की आधी शेवट वाचायचा, ही तुझी जुनी खोड. या वेळी क्रमाने वाच. आई अजून हॉस्पिटलातच आहे, बरी आहे, बाकीचं पुढे येईलच. फोन केला की तू आवाज तुटतोय म्हणतोस. माझ्या बाजूने तो कधीच तुटत नाही, आणि मी किती संशयी आहे हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले.

रविवारच्या प्रयोगात माझी पार शोभा झाली. तुझ्या नाटकाचा पहिला अंक संपत आला होता. पूर चढतोय, नाव माणसांनी भरलेली, आणि नावाडी वल्हं टाकून एकटाच काठावर उडी मारून पळतो, ती जागा. आमचे नायकसाहेब उभेच राहिले. विसरले की त्यांचा हात कमरपट्ट्याकडे जातो, हे इतकी वर्षं प्रॉम्प्टिंग करून मला पाठ झालंय. हात गेला नव्हता. तरी मला वाटलं, विसरलेच. मी विंगेतून हळूच सांगितलं, पळ. ते वल्हवायला लागले. मी जरा मोठ्याने सांगितलं, पळ, पळ आता! पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी घेऊन उठले आणि थेट दाराकडे निघाले. त्यांना वाटलं, थिएटरला आग लागली. सगळं नाट्यगृह हसलं, आणि पडदा पडल्यावर मला कळलं की ती जागाच कापली आहे. सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला सांगायचं राहिलं म्हणे.

असं काही राहत नसतं. मला सांगितलं असतं तर मी भांडले असते, म्हणून राहिलं. पाणी कुठेतरी मुरतंय हे मी ओळखलं. आधी नायकसाहेबांवर डोळा ठेवला. हल्ली ते मेकअपला जास्त वेळ घेतात आणि शाळेच्या कार्यक्रमांना पाहुणे म्हणून जातात; पळपुटा माणूस रंगवणं त्यांना जड गेलं असेल. मग मॅनेजरवर संशय घेतला, तो तर कशावरही घेता येतो. त्याला चहाला बसवून खोदखोद खोदलं, तेव्हा तो वैतागून म्हणाला की लेखकाचाच फोन आला होता. बघ, साप साप म्हणून मी भुई धोपटत होते आणि साप आमच्याच घरातला.

तू लिहिलेला नावाडी मला का आवडायचा, सांगते. तो खोटं बोलतो, उतारूंशी कचाकचा भांडतो, आणि वेळ आल्यावर शेपूट घालून पळतो. तिसऱ्या अंकात तोच धापा टाकत, भिजून, डाव्या दारातून परत येतो, तेव्हा सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसायचं. कारण त्याला किती भीती वाटते हे सगळ्यांनी पाहिलेलं असायचं. आता तो पळतच नाही. मग तो काठावर उतरतो कशाला? तर म्हणे दोर आणायला! आता तो परत येतो त्या जागी टाळ्या पडतात, आणि टाळ्या पडत असतानाच कुणीतरी गोळीचा कागदही सोडतं. न घाबरणारा माणूस काय, पोस्टरवरही असतो. त्याच्यासाठी कुणाचा जीव वरखाली होत नाही.

तू दोर लिहिलास आणि मला औषधं आठवली. आईला ॲडमिट केलं त्या दिवशी तिचं वाकडं झालेलं तोंड बघून तू औषधं आणतो म्हणून खाली उतरलास. औषधं आली, वॉर्डबॉयच्या हातून. तू आला नाहीस. मला राग आला, अजून आहे, तो काही पत्राने जायचा नाही. पण खाई त्याला खवखवे. तुला ती जागा आता स्टेजवरही बघवत नाही, म्हणून तू कापलीस. चूक म्हण, माझी शपथ.

आईने तुझ्या नाटकाची तालीम पाहिली होती, आठवतं? सगळे नावाड्याला नावं ठेवत होते आणि ती म्हणाली होती, आला ना परत, मग झालं. आता तिला बोलायला कष्ट पडतात, तरी दार वाजलं की मान वळवते. नर्स असली की पुन्हा भिंतीकडे बघते.

गुरुवारी तिचं ऑपरेशन आहे. ये. कापलेली जागा परत घालायची की नाही, त्यावरून आपण नंतर भांडू. तिसऱ्या अंकात इतका वेळ कुठे होतास असं नावाड्याला कुणीच विचारत नाही, हे तूच लिहिलंयस. मी विचारीन, माझा भरवसा नाही. आई विचारणार नाही. आणि दारात येऊन काय बोलावं ते सुचलं नाही तर घाबरू नकोस. मी बाजूलाच उभी असेन, पहिला शब्द मी सांगीन.

तुझीच,
ताई