सांधे कोरडे आहेत

३ जून
कलिंबुका साहेबांचा हुकूम आहे म्हणून ही वही. यंत्राची गळती सापडेपर्यंत रोज काय केलं ते वेगळं लिहायचं. यंत्राच्या नोंदवहीत म्हणे आधीच फार गिचमिड झाली आहे.

आज इथल्या औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत बदलीवर रुजू झाले. ब्लांटायरच्या धुळीनंतर इथली डोंगराची हवा गोड लागते. मुलगी तियामिके चार घरं पलीकडे राहते. तिला नववा लागला आहे, बदली मी मागून घेतली ती त्यासाठीच. रात्री तिने मक्याची न्सिमा आणि तळलेला मासा वाढला आणि बजावलं, की आई, पहिल्याच दिवशी कुणावर ओरडू नकोस. ओरडले नाही. फक्त दोन टेबलं पुन्हा पुसून घेतली.

४ जून
औषधात औषध किती आहे ते मोजणारं हे यंत्र. नमुना सुईने आत जातो, पंप त्याला केसाएवढ्या नळ्यांतून पुढे ढकलतो. नळ्यांना सहा सांधे. त्यांतला एक गळतो.

उपाय जुनाच. सांधे कोरडे पुसायचे, प्रत्येकाला टिपकागदाची पट्टी बांधायची, पंप चालू करून थांबायचं. जी ओली होईल तो सांधा गुन्हेगार. पाना घेऊन आवळत सुटायचं नाही, त्याने बरा सांधाही चिरतो. सहावी पट्टी, शेवटची, ओली झाली. सांधा बदलला.

झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या आगोगो नासिबेको दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, झिओनेसुद्धा अशाच चिंध्या बांधायची, पण आमायी, तिच्या कपाळाला आठ्या नसायच्या. झिओने म्हणजे माझ्या आधीची. कुठे गेली विचारलं, तर आगोगोंना एकदम बादली आठवली.

५ जून
पहिला नमुना. बाळंतिणीचं रक्त थांबवण्याचं इंजेक्शन, इस्पितळासाठी आलेला नवा साठा. शंभरात निदान नव्वद भरायला हवं, भरलं एकाहत्तर. तुलनेचं शुद्ध द्रावण मात्र पूर्ण शंभर. सहावी पट्टी पुन्हा ओली.

साहेब म्हणाले, गळती आहे ना, मग कमी येणारच. वॉर्डात एक कुपी शिल्लक नाही, आमायी, बायकांना काय देवाचं नाव टोचायचं?

लिहिलं, ‘गळतीमुळे कमी. वापरास हरकत नाही.’ खाली सही. तीस वर्षांत असं पहिल्यांदा लिहिलं.

८ जून
सकाळी खोली उघडली तर सहाही सांध्यांना पट्ट्या. मी संध्याकाळी त्या काढून टाकते. गाठ माझी नव्हे. बायका कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या टोकाला नाणं बांधतात तशी, बारीक, घट्ट.

आगोगोंना दाखवली. त्यांनी झाडू खाली ठेवला. ही झिओनेची गाठ, म्हणाल्या. फेब्रुवारीत बाळंत झाली. रक्त थांबलं नाही. मूलही दुसऱ्या दिवशी गेलं.

आज पाचवी ओली.

९ जून
किल्ली उशाखाली घेऊन झोपले होते. तरी पट्ट्या. चौथी ओली, मग दुपारी तिसरी. पंप बंद असताना. पाझर मागे मागे येतो आहे, नमुन्याच्या दिशेने. पाण्याला लोखंडाचा वास.

जुनी नोंदवही काढली. जानेवारीचं पान. हेच इंजेक्शन. झिओनेचं अक्षर. ‘गळतीमुळे कमी. वापरास हरकत नाही.’

शब्द न् शब्द माझे. हे पान मी आधी पाहिलं नव्हतं.

१० जून
दुसरी.
तियामिकेकडे जेवले नाही. पोटावर हात ठेवून हसत होती. काय सांगू —

११ जून
सहाही सांधे कोरडे. खडखडीत. सातवी पट्टी आहे. नमुन्याच्या कुपीच्या गळ्याला बांधलेली. कुपीचं झाकण न उघडलेलं. पट्टी ओलीचिंब.

झिओने गळती दाखवत नव्हती. गळती नाही हे दाखवत होती.

सांधा गळत असता तर शुद्ध द्रावणही कमी भरलं असतं. ते पूर्ण भरलं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरी हे सांगतील. यंत्र खरं बोललं. औषधच मेलेलं आहे, कुठल्या तरी ट्रकमध्ये उन्हात. मी —

वॉर्डात फोन केला. सोमवारपासून हाच साठा चालू. शेजारीण येऊन गेली, तियामिकेला पहाटेच कळा —

धावतच —

१२ जून
देणं-घेणं, नियमाप्रमाणे.

मी दिलं: साठा मागे घ्या असं पत्र, साहेबांच्या हाती. माझी पाच तारखेची सही खोडून. साहेब उठून उभे राहिले.

इस्पितळाने दिलं, माझी सही घेऊन:
तियामिकेचं चितेंजे एक, निळं. धुतलेलं नाही.
चपला, एक जोड.
मुलगी एक. जिवंत. दोन किलो नऊशे.
मुलीच्या मनगटाला कागदाची पट्टी. नर्स म्हणते आमची नव्हे, आम्ही प्लॅस्टिकची —
गाठ बारीक, घट्ट. सोडवली नाही. कोरडी होती. मी तिला छातीशी धरलं आणि पट्टी ओली —