नाव घ्या, सोनाबाई!

पांडेसरा, सुरत
फेब्रुवारी १९९६

सौ. यमुनेस, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

आमच्या नातीच्या, हर्षदाच्या हळदीला तू आली नाहीस ते बरंच झालं. बाया मागे लागल्या, 'नाव घ्या, सोनाबाई!' उखाण्यात मला कोण हरवणार? मी सुरू केलं, 'तापीच्या पाण्यात सोडला दिवा...' आणि पुढे ह्यांचं नावच आठवेना. बाया हसल्या, 'माय व, म्हातारी आजून लाजस!' मीही पदर तोंडाला लावला. लाजले नव्हते गं, घाबरले होते.

हे पत्र काही मी टाकायची नाही. तुझी सून आलेलं पत्र ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवते.

आपण नवऱ्याचं नाव एरवी घेतच नाही. माळ्यावरचं भांडं वेळेला सापडत नाही, तसंच झालं असेल. म्हणून आता हे बाहेर गेले, की भाकरी थापताना ह्यांचं नाव मोठ्यानं म्हणते, 'धुडकू, धुडकू.' मग माहेरच्या शेजारणींची नावं, भाज्यांची नावं.

काल हे लवकर परतले आणि दारातच त्यांनी ऐकलं. वाटलं, आता ओरडतील.

चप्पल काढता काढता म्हणाले, 'ओ.'

तुझी,
सोनाक्का