मागची गादी

राजाजीनगर, बंगळूर
६ एप्रिल १९६३

सौ. अक्काला कमळीचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांग.

इथं आम्ही तिघं खुशाल. तुझं पत्र पोचलं. सकाळी डोळ्यांपुढं धुकं येतं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, असं लिहिलंयस. चुलीपुढं बसणं जरा कमी कर आणि मिरजेच्या डॉक्टरांना दाखवून ये. दाजी आज-उद्या करत बसतील, त्यांच्या मागंच लागायला हवं.

अनू चार वर्षांची होत आली, तिला एकदा डोळे भरून बघायचंय म्हणतेस. बाळंतपणाला तुझ्याकडंच यायचं होतं, ते सासूबाईंच्या दुखण्यात राहिलं. पुढं त्या गेल्या, मग यांना कारखान्यातून रजा मिळेना. पण आता फार दिवस नाहीत. यांनी मोटारसायकल घेतलीय.

हसू नकोस. मिलिटरीच्या लिलावातली आहे, जुनी आहे, पण आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात. माझं लग्न ठरताना तू बैठकीत सगळ्यांदेखत काय म्हणालीस ते आठवतं का? "पोरगा चांगला आहे, पण बायकोला नेणार कशावर, सायकलच्या दांडीवर?" सगळे हसले, मीही हसले. पण ते बोलणं डोक्यातून गेलेलं नाही बघ. आता निपाणीत तुझ्या दारापुढं हॉर्न वाजवून नाही उतरले तर विचार.

फक्त एक अडचण आहे. गाडी मिलिटरीतल्या सोजिरांसाठी केलेली. मागच्या आठवड्यात तुमकूरपर्यंत जाऊन बघितलं. यांना पुढं वाकून हँडल धरावं लागतं, म्हणजे पाठीचं धनुष्य होतं. मागची गादी म्हणजे नुसता पाट, त्यात मी लुगड्यात एका अंगानं बसणार, पाय ठेवायला जागाच नाही. जाऊन-येऊन पाय लोंबकळत होते आणि पदर चाकात जातो का काय म्हणून जीव मुठीत. आल्यावर तीन दिवस मी उभ्यानं स्वयंपाक केला. तेव्हा आधी गाडी सुखाची करून घ्यायची आणि मग निघायचं. कलासीपाळ्यात शिवाप्पा मिस्त्री आहे, त्याच्याकडं दिलीय. तो कशालाही 'स्वल्प ताळी' म्हणतो, म्हणजे जरा दम धरा. वैशाखात येतोच.

तुझी
कमळी


राजाजीनगर, बंगळूर
२१ जुलै १९६३

अक्काला नमस्कार.

वैशाख गेला, आषाढ गेला, आणि मी अजून इथंच. शिव्या घालत असशील तर घाल.

पण गाडीचं रूप आता बघण्यासारखं झालंय. हँडल बदललं. नवं रुंद आहे, आणि असं मागं वळवलंय की हे आरामखुर्चीत बसल्यासारखे ताठ बसतात. दोन सुट्या गाद्या काढून एकच लांब गादी केली. शिवाप्पानं आधी तीत काथ्या भरला. मी बसून बघितलं, नारळाच्या पोत्यावर बसल्यासारखं वाटलं. उसवायला लावलं, आता आत रबर आहे. डाव्या अंगाला माझे दोन्ही पाय मावतील अशी फळी बसवली, चाकाला जाळी लावली. पुढं टाकीवर अनूची इवलीशी गादी. ती त्यावरून उतरायला तयार होत नाही, जेवणसुद्धा तिथंच मागते.

तर आता पाऊस. पुढं काच असल्याशिवाय पोरीला घेऊन कसं यायचं? व्हाइटफील्डला एक म्हातारा अँग्लो-इंडियन पेन्शनर राहतो, त्याच्याकडं तशी काच पडून आहे. देईन म्हणतो आणि दर वेळी यांना चहा पाजून परत पाठवतो. हे म्हणत होते, तुम्ही दोघी रेल्वेनं बेळगावला उतरा, पुढं मोटारनं निपाणी, मी गाडी घेऊन मागनं येतो. यांचं काय ऐकायचं. इतकं सगळं केलं ते मी थर्ड क्लासच्या बाकावर बसून येण्यासाठी का?

तुझ्या पत्राच्या ओळी या खेपेला एकमेकींच्या अंगावर चढल्यात. माझ्या शाळेतल्या अक्षराला नावं ठेवायचीस ना, आता बोल.

तुझी
कमळी


राजाजीनगर, बंगळूर
२५ ऑक्टोबर १९६३

अक्का,

दिवाळीला आलो नाही म्हणून रागावू नकोस. काच मिळाली, बसली. दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या झाल्या, त्यात तुझ्यासाठी घेतलेलं इरकली लुगडं आणि दाजींची शाल घालूनही जागा उरते. तेवढ्यात शिवाप्पा म्हणाला, बाईंच्या पाठीला टेका नाही, हुबळीपर्यंत कंबर धरेल. टेका करायला दिलाय. तो झाला की मग काही म्हणजे काही राहिलेलं नाही.

तुझं मनगट लचकलं म्हणून पत्र दाजींनी लिहिलं ते कळलं. त्यांचं अक्षर तुझ्यापेक्षा वळणदार आहे, हे तुला ऐकवायला त्यांना सांग. मनगटाला तेल लाव, पाणी शेंदू नकोस. डोळ्यांचं काही लिहिलं नाहीस, त्याअर्थी बरं असेल.

संक्रांतीला नक्की. आता ब्रह्मदेव आला तरी थांबणार नाही.

तुझी
कमळी


राजाजीनगर, बंगळूर
९ फेब्रुवारी १९६४

अक्का, आणि हे वाचून दाखवणारे दाजी,

दोघांना नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. अनूला जरा सर्दी आहे, बाकी काही नाही. चिंचा, तंबिट्टाचे लाडू, सगळं न सांडता आलं.

दाजी, पुढचं गाळून वाचू नका. तुमची सवय मला आता कळलीय. जे लिहिते ते सगळं अक्काला ऐकू जाऊ दे.

अक्का, तुझ्या घरी होते तेवढे दिवस मी तोंडानं काही बोलले नाही. पुरणपोळ्या लाटल्या, तुझी वेणी घातली, शेजारच्या अंबूबाईंशी गप्पा छाटल्या. दाजींनी मला परसात नेऊन सगळं सांगितलं तेव्हाही मी 'बरं' एवढंच म्हणाले. भाद्रपदातच मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, गेलेली नजर परत येत नाही म्हणाले होते, आणि नवरात्रापर्यंत तुला जवळ आलेल्या माणसाचा चेहरा दिसत होता. मनगट कधी लचकलंच नव्हतं. "पोरगी हौसेनं गाडी सजवतेय, तिला घाईला घालू नका," असं तूच त्यांना बजावलं होतंस. असं कोण करतं गं? दोन ओळींची तार केली असतीस तर मी अनवाणी आले असते.

हे लिहिलं खरं, पण ते खरं नाही. मला तार लागायलाच नको होती. धुकं, रंगीत कडं, चढलेल्या ओळी, सगळं तू मला लिहिलं होतंस, नाही तर दाखवलं होतंस. मी त्याची थट्टा केली.

आणि आणखी एक तुला ठाऊक नाही. दसऱ्याच्या आधी यांनी आम्हा दोघींची रेल्वेची तिकिटं काढून आणली होती. मला न विचारता. "कमळे, अक्कांचं अक्षर मला बरं वाटत नाही, तू पुढं जा," म्हणाले. मी ती परत करायला लावली. टेका तेवढा राहिलाय, इतके दिवस थांबलो तिथं आणखी महिनाभर, असं मीच म्हणाले. हे गेले आणि परत करून आले. शिवाप्पा नाही, व्हाइटफील्डचा म्हातारा नाही, पाऊस नाही, मीच थांबवून धरलं. मला तुझ्या गल्लीत गाडीवरूनच उतरायचं होतं. सायकलच्या दांडीचं उत्तर द्यायचं होतं.

ते उत्तर कसं दिलं ते तू ऐकलंस. कोपऱ्यावरच मी यांना हॉर्न वाजवायला सांगितला. गल्लीभर पोरं गोळा झाली. मी टेक्याला टेकून, फळीवर पाय जोडून, नवं लुगडं सावरून बसले होते. तू दारात आलीस. मी वाट बघत होते, आता अक्का बघेल, आता काहीतरी बोलेल. तू हसलीस, पण आमच्या बाजूच्या भिंतीकडं बघून हसलीस. त्या घटकेला मला सगळं कळलं आणि मला गाडीवरून उतरता येईना.

मग तू स्वतःच पायऱ्या चाचपत खाली आलीस. हँडलवरून, काचेवरून, माझ्या गादीवरून हात फिरवलास. "मऊ आहे गं," म्हणालीस. रंग विचारलास, मी हिरवा सांगितला. टाकीवरच्या लहान गादीवर हात गेला तेव्हा तिथं अनू बसलेली होती. तू तिचं कपाळ, नाक, हनुवटी बोटांनी हळूहळू बघितलीस. ती घाबरून माझ्याकडं बघत होती. "कुणावर गेलीय?" असं तू विचारलंस आणि मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "तुझ्यावर." ते खरं आहे, अक्का. अगदी तुझ्यावर गेलीय. वैशाखात आले असते तर तुलाच ते पहिल्यांदा दिसलं असतं.

रात्री जेवताना तू विचारलंस, प्रवास कसा झाला. मी म्हणाले, सुखाचा झाला, चित्रदुर्गाला मुक्काम केला, हुबळीला केला, कुठंच काही दुखलं नाही. तेही खरं आहे. पाठ नाही, कंबर नाही, पाय नाहीत. एवढा लांबचा रस्ता मी खुर्चीत बसल्यासारखी आले.

यांना मी काल सांगितलं, पाडव्याला मी आणि अनू रेल्वेनं जातो. यांनी संध्याकाळी तिकिटं आणून देवापुढं ठेवली. गाडी परसात झाकून ठेवलीय. तुझ्याकडं चांगला महिनाभर राहीन. अनू आता तुला घाबरणार नाही, तिला मी रोज डोळे मिटून माझं तोंड चाचपायला शिकवतेय. तिला तो खेळच वाटतो. नाकाशी आली की ओळखते आणि हसते.

स्टेशनावर, मोटारस्टँडवर कुणी आणायला येऊ नका. दारात आल्यावर मी हाक मारीन, तेवढी ऐक.

हॉर्न वाजवत उशिरा पोचलेली,
तुझी कमळी