भिंतीच्या कोपऱ्यातलं नाव

नाना, इथल्या कंपनीने मला परमनंट करायचं ठरवलंय. तुम्ही असता तर सातपूरच्या आपल्या गल्लीत प्रत्येक दारात पेढा पोचला असता. मी होसूरला आहे, पार तमिळनाडूत, गाड्यांचे सुटे भाग ठेवतात त्या गोदामात. आठवीत शाळा सुटलेल्या पोराला याहून चांगलं काय मिळणार, हे तुमचंच वाक्य. फक्त एक अट आहे. सुट्टीच्या दिवशी मी इथल्या दुकानांची शटरं रंगवतो, हॉटेलांच्या भिंतींवर अक्षरं काढतो, ते बंद करायचं. इथली लिपी मला वाचता येत नाही. दुकानदार कागदावर लिहून देतो आणि मी बघून काढतो. कुठल्या अक्षराचं पोट कुठे फुगतं ते डोळ्याला कळतं. सुपरवायझर म्हणाला, "परमनंट होना है तो ब्रश छोड़ दो. कंपनी को पूरा आदमी चाहिए." त्याने हे साधेपणानेच सांगितलं, पण तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. एक अख्खा माणूस आपल्या घरातून एका कंपनीला आधीच देऊन झालाय.

तुमचं काय होतं, ते मला उशिरा कळलं. आठवडाभर कंपनीत प्रेस मशीनवर आणि सुट्टीला सासरवाडी. गल्लीतले हसायचे, "नानांना बायकोपेक्षा मेहुण्याची ओढ." नामपूरला मामा लग्नाच्या भिंतींच्या ऑर्डरी धरून ठेवायचा. आपल्याकडे लग्नघराची पुढची भिंत रंगवतात, दाराच्या दोन बाजूंना भालदार-चोपदार, वर हत्ती, मध्ये नवरानवरीची नावं. लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागतात तरी ती नावं भिंतीवर असतात. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, पेंटरचं नाव आणि गाव. त्याच नावावर पुढचं काम येतं. पेंटरला तेवढीच जागा असते. तुम्ही त्या जागेत मामाचं नाव लिहायचात. मामाला सरळ रेघ मारता येत नव्हती. तो फक्त डब्यात रंग कालवायचा आणि मालकाशी गप्पा मारायचा.

सोळाव्या वर्षी मला बरोबर न्यायला लागलात, तेही मामाचा हात दुखत होता म्हणून. शिकवलं काहीच नाही. मी विचारलं की म्हणायचात, "रंगात हात घातलेला माणूस घरात एक लय झाला." मी बघून बघून शिकलो. त्या दिवशी नामपूरजवळच्या एका मळ्यात तुम्ही भिंत पुरी केलीत आणि हातपाय धुवायला विहिरीवर गेलात. कोपरा रिकामा होता. मी बारीक ब्रश घेतला आणि तुमचं नाव लिहिलं. आयुष्यातलं माझं पहिलं काम ते. नवरदेवाची आजी ओट्यावर बसली होती, म्हणाली, "कोनं नाव शे हाई?" मी म्हणालो, "माझ्या वडलांचं. ही सगळी भिंत त्यांनीच काढली." म्हातारी म्हणाली, "मंग बरं करं."

तेवढ्यात तुम्ही आलात. ओल्या हाताने डब्यातलं फडकं उचललंत आणि एका झटक्यात पुसलंत. रंग ओला होता, लगेच गेला. भिंतीवर फक्त मळकट डाग राहिला आणि त्यावर तुम्ही मामाचं नाव घातलंत. "घरी बसवायचं हाय का मला? कंपनीतल्या कुणाच्या नजरेला पडलं तर? त्या वेल्डरचं काय झालं माहीत हाय ना?" वेल्डर म्हणजे तुमच्याच कंपनीतला एकजण, टेम्पो चालवतो म्हणून त्याला गेटवरून परत पाठवलं होतं. मी म्हणालो, सातपूरहून इतक्या लांब कोण येतंय हे बघायला. तुम्ही फडकं परत डब्यात टाकलंत. आजीला म्हणालात, "पोरगं चेष्टेखोर हाय माझं. मी नुसता हेल्पर." आजी तुमच्या हाताकडे बघत होती. नखांत तिच्या नातसुनेच्या नावाचा लाल रंग होता.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. कंपनीतून दोन साहेब हार घेऊन आले. सतरंजीवर बसून एकजण म्हणाला, "फार साधा माणूस. कंपनी ते घर, घर ते कंपनी. दुसरा कसला नाद नाही." लोकांनी माना हलवल्या. आईनेही. मामा माझ्या शेजारीच होता, त्यानेही हलवली. मी वाट बघत होतो, कुणीतरी बोलेल म्हणून. बागलाणातल्या अर्ध्या गावांत तुमचे हत्ती भिंतींवर उभे होते, आणि घरात एकाही तोंडातून शब्द निघाला नाही. तुम्ही इतकं नीट लपवलंत नाना, की मेल्यावरही सापडला नाहीत.

तेरावं झाल्यावर मी मामाकडे गेलो. म्हणालो, भिंती मी करतो, पण नाव माझं पडेल. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. आता त्याचं पेंटरचं दुकान झालं होतं, वर पाटी, पाटीवरचं अक्षर तुमचंच. हसून म्हणाला, "भाचा, तुना बाप मना हातखाल शिकना. तू भी शिक. नावनं काय घिसन बसना?" मी उठून आलो. नंतर कंत्राटदाराने जिथे पाठवलं तिथे गेलो, शेवटी इथवर.

पोरं मोठी झाली की त्यांना बापाची भीती कळते, असं लोक म्हणतात. मला कळते, पण पटत नाही. तुम्हाला नोकरी सोडायला मी सांगत नव्हतो. चार अक्षरं मागत होतो. इथे पहिल्या शटरपासून मी माझं नाव घालतो, मराठीत. कुणाला वाचता येत नाही, तरी घालतो. खाली फोन नंबर, म्हणून कामं येतात. म्हणून तर सुपरवायझरला कळलं.

आईला फोनवर अट सांगितली. म्हणाली, "आधी परमनंट हो बाबा. मग चोरून करत जा. तुझ्या नानांनी नाही का निभावलं." तिला म्हणजे सगळं माहीत होतं. त्या दिवशी सतरंजीवरही माहीत होतं. मी फोन ठेवला.

काल सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेलो आणि नाही म्हणून सांगितलं. महिनाअखेरीस मोकळा होतोय. हातात तीन शटरं आणि एका खानावळीची भिंत आहे, पुढचं माहीत नाही. तुमच्यासारखं अर्धं जगणार नाही, हे सांगायलाच हे लिहायला घेतलं होतं. पण खरं ते लिहितो, तसंही हे टाकायला पेटी नाही. सुपरवायझरने खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "क्यों छोड़ रहे हो?" इतकी वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य होतं, की मी पेंटर आहे. आणि मी त्याला म्हणालो, गावाकडे आई आजारी असते.