किंमत आधी घातली

प्रिय ठमे,

पन्नाशी उलटल्यावर बापाला परीक्षा द्यावी लागतेय, हसून घे. लिफ्टदुरुस्तीत तीस वर्षं काढली, तरी सुपरवायझर व्हायचं तर गणिताचा पेपर द्या म्हणे. म्हणून कामावरून आलो की तुझी जुनी वही उघडून बसतो. पण हे कलन मला काही केल्या कळत नाही. तुझ्या आईने तर पहिल्याच दिवशी हात टेकले.

एक वस्तू सरळ रेषेत चाललीय. टी सेकंदांनंतर तिचं अंतर सहा टी वर्ग वजा टी घन मीटर. दोन सेकंदांनी वेग किती? मी टीच्या जागी दोन घातले, सोळा आले. सोळाचं विकलन केलं, म्हणजे बदलाचा दर काढला, शून्य. तीन सेकंदांना शून्य, पाचला शून्य. वस्तू चालतेय आणि वेग शून्य! डोकं पार बधिर झालं. क्लासच्या बाईंनी लाल पेनाने लिहिलं, आधी विकलन, मग किंमत. तसं केलं तर वेग बारा आला. का, ते तरीही कळेना. मग काल कामावर तळमजल्यावर उभा होतो, लिफ्टच्या दारावर चारचा आकडा लागला. लिफ्ट चौथ्यावर आहे एवढंच कळलं. थांबलीय की निघालीय, हे त्या एका आकड्यावरून मलाही सांगता येईना. तीस वर्षं हेच आकडे बघतोय मी.

पान्हा हातातच राहिला. नोकरी सोडून तू घरी होतीस तेव्हा जेवताना मी म्हणालो होतो, वर्ष झालं, आहेस तिथेच आहेस. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून गेलीस. आता तुझ्या वहीच्या मागच्या पानांवर त्याच वर्षाच्या तारखा सापडल्या. रोज सोडवलेली गणितं, नऊ अर्जांचे कच्चे मसुदे. मला फक्त तुझ्या खोलीचं बंद दार दिसत होतं. तुझ्या बाबतीतही मी किंमत आधी घातली, ठमे. चुकलो.

मावशी तुझा पत्ता सांगत नाही, म्हणून हे तिच्याच हाती देतोय. कुठे आहेस ते विचारत नाही, कशी चालली आहेस तेवढं कळव. आणि एक अडलंय. त्याच गणितात पाच सेकंदांना वेग वजा पंधरा येतो. बाई म्हणतात, वस्तू जिथून निघाली होती तिकडे परत येतेय. वजा असूनही तो आकडा मला फार आवडला. नीट समजावायला येशील?

तुझाच,
नापास बाबा