एल्क दिसले: तीन

१ सप्टेंबर
आले एकदाची! पोस्टाची नवी नोकरी, दोन खोल्यांचं लाल घर, मागे थेट जंगल. सामान उतरवत होते तोच गावच्या शिकारी टोळीची म्होरकी गुनेल दारात हजर. साठीची, आवाज खणखणीत. बंदुकीचा परवाना आहे ना, मग उद्या पहाटे ये, म्हणाली. टोळीत ती, तिचा भाऊ सिक्स्तेन आणि रॅग्नवाल्ड. रॅग्नवाल्ड फारसा बोलत नाही, पण न विचारता इथल्या रीतीप्रमाणे कॉफीत चीज घालून देतो.

२ सप्टेंबर
हंगामाचा पहिला दिवस. नोंदवही माझ्याकडे आली. कोण किती तास बसलं, किती एल्क हरणं दिसली, हे संध्याकाळी लिहून संशोधकांना कळवायचं. किती मारू द्यायची ते त्यावरून ठरतं. सिक्स्तेन म्हणाला, "पोस्टमन बाई, एल्कांनाही पत्रं टाकणार का?" मी खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. आज नुसते खुरांचे ठसे. शिकारी: चार.

३ सप्टेंबर
सिक्स्तेनच्या पायांना सकाळपासून काही जाणवत नाही. गुनेलनं त्याला म्हातारा झालास म्हणून चिडवलं, लोकरीचे मोजे दिले. तो हसला नाही. दुपारनंतर कशाचंच काही वाटत नाही म्हणाला.

४ सप्टेंबर
सिक्स्तेन आला नाही. गुनेलला विचारलं, तर म्हणाली, "कोण सिक्स्तेन? अगं, मी एकुलती एक." थट्टा वाटली. पण शेकोटीपाशी कपच तीन होते. नोंदवहीत माझ्या अक्षरात त्याचं नाव आहे. ती म्हणाली, तू चुकून लिहिलं असशील.
रॅग्नवाल्डला एक एल्क दिसला. दहा पावलांवर उभा. पळाला नाही. यानं बार काढला नाही. का, तर तो माझ्याकडे बघत होता, म्हणाला.

५ सप्टेंबर
रॅग्नवाल्डनं उकळती किटली उघड्या हातानं उचलली. उजवा तळवा सोलून निघाला. तो शांतपणे कॉफी ओतत राहिला. मी पट्टी बांधली.

६ सप्टेंबर
एल्क दिसले: दोन. एकाचा पुढचा उजवा पाय खुराच्या वर भाजून सोललेला.
रॅग्नवाल्ड आला नाही. गुनेल त्याला ओळखतही नाही.

७ सप्टेंबर
संशोधकांना सगळं कळवलं. उत्तर लगेच आलं: नोंदी उत्तम, संख्या वाढतेय, आणखी तीन मारायला परवानगी. शेजारच्या गावची टोळी परवा, सोमवारी येईल.
गुनेल हातात बूट घेऊन पायरीवर बसलेली. मी तिचे पाय चोळत राहिले, कितीतरी वेळ. म्हणाली, "सोड गं. बरं वाटतंय. म्हणजे काहीच वाटत नाहीये."

८ सप्टेंबर
गुनेलच्या घराला कुलूप. शेजारी म्हणतात, ते कित्येक वर्षं रिकामंच आहे.
एल्क दिसले: तीन. गुनेल म्हणून हाक मारली. मधलीनं कान वळवले.
रडायला हवं होतं. रडू आलं नाही.

९ सप्टेंबर
शेजारच्या टोळीच्या गाड्या आल्या. त्यांना आजची नोंद हवी आहे —
शिकारी: एक. एल्क: शून्य. आजवर नोंदवहीत खोटं लिहिलं नव्हतं.
त्यांनी वाचलं. हसले. खिडकीतून तीन दिसतायत की, म्हणाले.
पेन्सिल हातात आहे. दिसते म्हणून कळतं. बोटांना नाही —
तिघंही पळत नाहीत. बंदुका खांद्याला —
ओरडायला हवं. तोंड उघ